स्मार्ट बोर्ड दिलेत, आता वर्कबेंचही द्या : नाशिकच्या कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे आणि दिंडोरी परिसरातील कारखानदार, व्यवस्थापक व सीएसआर समित्यांचे सदस्य

स.न.वि.वि.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक आहे. माझी मुलं तुमच्याकडे ॲप्रेंटिस म्हणून येतात. त्यातली काही पुढे तुमच्या टूलरूममध्ये, मेंटेनन्समध्ये, सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनवर) कायम होतात. आपलं नातं जुनं आहे, पण बोलणं होत नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूला तुमचे एचआरवाले येतात. काही साहित्य द्यायचं असेल तेव्हा तुम्ही येता, फीत कापली जाते, फोटो होतो, चहा होतो आणि गाड्या निघतात. त्यानंतर वर्गात नि वर्कशॉपमध्ये काय होतं, ते तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र.

कंपनी कायद्याचं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू झालं. तेव्हापासून ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्चावे लागतात, हाच सीएसआर, आणि त्यात शिक्षण व व्यवसाय कौशल्यं येतात. आमच्या आसपासच्या शाळांना, आयटीआयना या पैशातून खूप काही मिळालं. स्मार्ट बोर्ड मिळाले, टॅब मिळाले, प्रोजेक्टर आले, धड्यांचे तयार व्हिडिओ आले. त्याबद्दल मनापासून आभार. पण त्याच वेळी तुमच्या सुपरवायझरकडून, प्लँट हेडकडून मी एक तक्रार सतत ऐकतो. पोरांचं लक्ष टिकत नाही. सांगितलं तेवढंच करतात. मशीन अडलं की हात वर करून उभी राहतात, स्वतः काही शोधत नाहीत. तक्रार खरी आहे. माझं म्हणणं एवढंच, की तुम्ही काय देता आणि तुम्हाला कशी मुलं मिळतात, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो तुम्हाला बदलता येईल.

पडद्यावरून मुलं शिकतात, हे मी रोज पाहतो. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा मुलगा माझ्याकडे होता. घरी रेंज नाही, टेकाडावर जाऊन बसावं लागायचं. सीएनसी शिकवायला घेतलं तेव्हा जी-02 आणि जी-03 या आज्ञांमध्ये कमान कुठल्या दिशेने जाते, हे त्याला आधीच माहीत होतं. कुणीतरी हिंदीत केलेले फुकटचे व्हिडिओ पाहून तो शिकला होता. मी शिकत होतो तेव्हा असं पुस्तकसुद्धा तालुक्याच्या गावी मिळत नव्हतं. सिम्युलेटरचंही तसंच. पडद्यावर टूल जॉबला, म्हणजे कामाच्या तुकड्याला, धडकलं तर फक्त लाल खूण येते, खऱ्या मशीनवर धडकलं तर स्पिंडलचं काम निघतं. वेल्डिंगच्या सिम्युलेटरमुळे रॉड वाचतात, डोळे वाचतात. धातूवरून चिप, म्हणजे कापलेला कीस, कशी सुटते, हे स्लो मोशनमध्ये पाहिल्यावर कटिंग अँगल मुलांना जेवढा लवकर कळतो, तेवढा मला फळ्यावर आकृती काढून कधी समजावता आला नाही. हे सगळं राहिलं पाहिजे, वाढलं पाहिजे.

आता दुसरी बाजू, जी तुम्हाला उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाही.

डिजिटल व्हर्निअर, म्हणजे जबड्यात धरून बारीक माप घ्यायचं उपकरण, हातात दिला की काय होतं पाहा. एक मुलगा एकाच जॉबचं एकाच जागी माप घेतो. पहिल्यांदा आकडा येतो 24.98, दुसऱ्यांदा 24.91, तिसऱ्यांदा 25.06. कधी पकड सैल, कधी जास्त दाबलेली, कधी जबडे तिरपे बसलेले, कडेचा बर (कापताना राहिलेली धारदार कोर) काढलेला नाही. मी विचारतो, यातलं खरं माप कुठलं? तो म्हणतो, ‘सर, व्हर्निअर खराब आहे.’ नाहीतर शेवटचा आकडा मुकाट्याने वहीत लिहितो. आकडा समोर चमकतोय म्हणजे तो बरोबरच असणार, अशी सवय लागली आहे. साधा व्हर्निअर, 0.02 मिलीमीटर लीस्ट काउंटचा, म्हणजे एवढं बारीक माप दाखवणारा, असं करू देत नाही. तो उजेडाकडे फिरवावा लागतो, मुख्य पट्टीवरची रेघ नि सरकपट्टीवरची रेघ जुळली कुठे हे शोधावं लागतं. त्या वेळात हाताला कळतं की जबडा नीट बसलेला नाही. म्हणून मी पहिले काही महिने डिजिटल व्हर्निअर कपाटात ठेवतो आणि साध्यावर हात बसला की बाहेर काढतो. त्यानंतर तीच मुलं डिजिटल झपाझप वापरतात, आणि आकडा चुकीचा आला तर तो चुकलाय हे ओळखतात. उपकरण तेच, फक्त कशाच्या नंतर द्यायचं एवढं बदललं.

फायलिंगचंही सांगतो, कारण तुमच्यापैकी काही जण विचारतात की सीएनसीच्या जमान्यात पोरांना कानस घासायला कशाला लावता. माइल्ड स्टीलचा तुकडा बेंच व्हाइसमध्ये बांधायचा आणि एक बाजू सपाट करायची, एवढंच काम. पहिले काही दिवस प्रत्येकाचा जॉब मधे फुगतो आणि दोन्ही कडा खाली जातात, कारण कानस पुढे ढकलताना हात डोलतो. ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं साधन) लावून जॉब उजेडासमोर धरला की फटीतून प्रकाश येतो. तो कुठून येतोय ते बघायचं, तेवढीच जागा घासायची, पुन्हा धरायचं. बाजू पूर्ण जुळायला सकाळ जाते, कधी दोन सकाळी जातात. घाई केली तर जॉब मायनस जातो, म्हणजे मापापेक्षा लहान होतो, आणि मग नवा तुकडा घेऊन पहिल्यापासून सुरुवात. या कामात मुलाला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही की चुकलंय. उजेड सांगतो. स्वतःची चूक स्वतः शोधायची आणि तिथेच थांबून ती काढायची, हे अंगात मुरायला दुसरी सोपी वाट मला तरी सापडलेली नाही.

हे करताना मुलांना कंटाळा येतो. आम्हालाही यायचा. फरक असा, की पूर्वी कंटाळलेला मुलगा खिडकीबाहेर बघायचा, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचा आणि पुन्हा जॉबकडे वळायचा. बऱ्याचदा त्या रिकाम्या वेळातच त्याला सुचायचं की आपण उभं राहतोय तेच चुकतंय, पाय थोडा मागे घ्यायला हवा. आता कंटाळा पुरता यायच्या आत हात खिशाकडे जातो आणि ते सुचणं राहून जातं. युनेस्कोने 2023 मध्ये शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर जो जागतिक अहवाल काढला, त्यात म्हटलंय की फोनमुळे एकदा लक्ष विचलित झालं की मुलांना पुन्हा अभ्यासावर एकाग्र व्हायला 20 मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. प्रॅक्टिकलच्या तासात फोन तीनदा वाजला तर उरलं काय, हा हिशेब शॉप फ्लोअर चालवणाऱ्यांना मी वेगळा मांडून दाखवायला नको.

‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीच्या 2024 च्या अहवालाने ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वर्षांच्या मुलांना फोनबद्दल विचारलं होतं. जवळपास 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यापैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही पाहिलं होतं, आणि 76 टक्क्यांनी सोशल मीडिया. हीच मुलं वर्षा-दोन वर्षांत माझ्याकडे येतात आणि आणखी दोन वर्षांनी तुमच्याकडे. घरोघरी फोन पोहोचलाय. त्यांना कमी पडतो तो पडदा नाही.

आता चॅटबॉट आले आहेत. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध आहेत. काही मुलांना थेट उत्तर देणारा चॅटबॉट दिला. सरावाच्या वेळी त्यांची गणितं 48 टक्के जास्त बरोबर आली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांनी तो कधी वापरलाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं 17 टक्क्यांनी मागे पडली. आपण कमी शिकलो आहोत, असं त्यांना स्वतःला वाटलं मात्र नव्हतं. तिसऱ्या गटाला जो चॅटबॉट दिला तो उत्तर सांगत नव्हता, शिक्षकांनी ठरवून दिलेले इशारे देत होता, पुढची पायरी मुलाकडूनच काढून घेत होता. त्या गटाचं परीक्षेत असं नुकसान झालं नाही. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. यंत्र तेच, बुद्धी तीच, पण मुलगा अडल्यावर ते काय करतं यावर सगळं ठरलं. तुम्ही उद्या एखाद्या शाळेला एआयचं सॉफ्टवेअर देणार असाल, तर विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा.

परीक्षांनीही या सवयीला हातभार लावलाय. आमच्याकडे थिअरीची परीक्षा संगणकावर होते, चार पर्यायांतून एक निवडायचा. मुलं फोनवर प्रश्नसंच फिरवून पर्याय पाठ करतात आणि पास होतात. तुमच्या कंप्रेसरचं बेअरिंग रात्रपाळीत गरम व्हायला लागतं तेव्हा चार पर्याय कुठे लिहिलेले नसतात. ग्रीस कमी आहे की जास्त झालंय, अलाइनमेंट गेलंय की बेल्ट ओढून बसवलाय, हे आवाज ऐकून, हात लावून, एकेक शक्यता बाजूला काढत शोधावं लागतं.

नवीन काही सुचायचं असेल तर हे असं अडून राहणं लागतंच. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याच्यासमोर कॅमेरा ठेवून रोज थोडं थोडं चित्रण केलं, महिनाभराहून जास्त. पडद्यावर मिनिटभरात दाण्यातून कोंब फुटून वेल वर चढताना दिसली. ते पाहून भांडवल घालणाऱ्याची खात्री पटली आणि पुढे भारतीय सिनेमा उभा राहिला. फाळके त्या काळातलं सर्वांत नवं तंत्रज्ञान वापरत होते. त्यांच्याजवळ नवं यंत्र होतं आणि एका कुंडीसमोर महिनाभर टिकून राहण्याची ताकदही होती. यातली पहिली गोष्ट आज पैसे टाकून मिळते. दुसरी घडवावी लागते, आणि तिच्यावर खर्च करायला कुणी पुढे येत नाही.

लांब कशाला, आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण घ्या. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. पुढच्या सिंहस्थाच्या आधी एमआयटीचे रमेश रासकर, जे मूळचे नाशिकचेच, त्यांनी ‘कुंभथॉन’ सुरू केलं आणि गावातल्या तरुणांना कुंभमेळ्याच्या खऱ्या अडचणींवर बसवलं. त्यातून नाशिकच्या शाळकरी वयाच्या मुलाने सोबत्यांसह एक चटई बनवली, जिच्यावरून चालणाऱ्यांची पावलं मोजली जातात आणि गर्दी किती वेगाने पुढे सरकतेय ते कळतं. 2015 च्या सिंहस्थात ती वापरून पाहिली गेली. त्यात सेन्सर होते, फोन होते, प्रोग्रॅम होता, म्हणजे डिजिटल तंत्रज्ञान भरपूर होतं. पण सुरुवात झाली ती आपल्याच गावातल्या एका अडचणीपासून, आणि मुलांना त्या अडचणीपाशी थांबायला वेळ, जागा नि जाणती माणसं मिळाली म्हणून ती कामाची वस्तू बनली. आज इनोव्हेशनच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धांना मी परीक्षक म्हणून जातो तेव्हा चॅटबॉटकडून बनवून घेतलेल्या, दिसायला सुंदर स्लाइड पाहतो. मॉडेल उघडून दाखव म्हटलं की मुलं गप्प होतात, कारण ते बाहेरून विकत आणलेलं असतं. मला त्या मुलांचा राग येत नाही. त्यांना मोडायला, उघडायला, बिघडवायला काही दिलंच नाही आपण.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ज्या शाळेला, ज्या आयटीआयला तुम्ही पडदा द्याल, तिथे त्याच्यासोबत एक काम करण्याचं टेबलही द्या. चार बेंच व्हाइस, कानशी, स्टील रूल, साधे व्हर्निअर, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन. यातलं पुष्कळसं तुमच्या स्टोअरमध्ये पडून आहे. भंगारात काढलेला गिअरबॉक्स द्या, जळालेली मोटर द्या, जुना पंप द्या. मुलांना तो खोलून पुन्हा जोडता येईल. आणि एक गोष्ट आवर्जून मागतो : तुमच्या रिजेक्शन बिनमधले पार्ट द्या, रिजेक्ट का झाला त्या चिठ्ठीसकट. भोक ओव्हल झालेलं, थ्रेड तुटलेला, कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, आलेलं. चिठ्ठी मी झाकून ठेवीन आणि मुलांना विचारीन, यात चूक काय, आणि ती कुठल्या पायरीवर झाली असेल. असा धडा कुठल्याही व्हिडिओत नाही, आणि तुम्हाला तो भंगाराच्या भावात पडेल.

माणूसही द्या. तुमच्या टूलरूममधून निवृत्त झालेले मिस्त्री सिडकोत, सातपूर कॉलनीत घरी बसून आहेत. एंड मिल (मिलिंग मशीनवरचं कापायचं टूल) बोथट झालाय हे त्यांना आवाजावरून कळतं. आठवड्यातून एक दिवस त्यांना मानधन देऊन आमच्याकडे, एखाद्या हायस्कूलकडे पाठवा. ती विद्या त्यांच्या हातात आहे आणि त्यांच्यासोबतच जाणार आहे. आत्ता उतरवून घेतली नाही तर पुन्हा मिळायची नाही. त्यांचे व्हिडिओ जरूर करा, मी स्वतः कॅमेरा धरीन. पण मुलगा त्यांच्या शेजारी उभा राहिला पाहिजे.

ॲप्रेंटिसबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. 1961 च्या कायद्याप्रमाणे 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के ॲप्रेंटिस घ्यावे लागतात. काही कंपन्यांमध्ये मुलं फार चांगली घडतात, हे मी कृतज्ञतेने सांगतो. पण वर्षभर पॅकिंगला उभं राहून आलेली मुलंही माझ्याकडे परत येतात. दोन वर्षं खपून जे बसवलं ते त्या वर्षात उतरतं, कारण हाताला काम नाही आणि फावल्या वेळात फोन आहे. एका ॲप्रेंटिसला एक जाणता माणूस नेमून द्या. आणि कामाच्या वेळेत सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं थांबवा. सुपरवायझरचा मेसेज आला असेल म्हणून मुलगा फोन उघडतो, आणि पुढे काय होतं ते तुम्ही जाणताच. आमच्या वर्कशॉपच्या दाराशी एक पेटी आहे. फोन तिच्यात जातात. एखादं ड्रॉइंग पाहायचं, व्हिडिओ पाहायचा असेल तर फोन काढायचा, सगळ्यांनी मिळून पाहायचा आणि परत ठेवायचा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं. अख्खं गाव ते ठरवू शकतं, तर एका शेडमध्ये ते अवघड नाही.

एक अडचण तुमच्या बाजूने सोडवता येईल. दिलेल्या साहित्याचा वापर तुम्ही डॅशबोर्डवर तासांत मोजता. बोर्ड किती तास चालू होता, टॅबवर किती व्हिडिओ पाहिले गेले. शिक्षकांनाही ते आकडे भरायचे असतात, फोटो टाकायचे असतात. मग तास भरण्यासाठी व्हिडिओ चालू राहतो आणि मुलांनी प्रश्न विचारला तर तो मागे पडतो. वर्षअखेरीला तासांऐवजी मुलांनी केलेल्या वस्तू मागा. जॉब मागा, दुरुस्त केलेला पंखा मागा, चालला नाही तो प्रयोगसुद्धा मागा आणि का चालला नाही हे मुलाच्या तोंडून ऐका. तुमच्या क्वालिटी विभागाला हे तपासणं अजिबात कठीण जाणार नाही.

2027 चा सिंहस्थ समोर आहे. कोट्यवधींची कामं निघतील, त्यातली अनेक तुमच्यापैकीच कुणी करतील. त्यातल्या लहान लहान अडचणी आमच्या मुलांपुढे टाका. निर्माल्य गोळा करणारी जाळी कुठे अडकते, तात्पुरत्या नळाचा कॉक का गळतो, बॅरिकेडची कडी एका हाताने उघडता येईल का. इंटरनेट वापरू द्या, चॅटबॉट वापरू द्या. फक्त अट घाला की जे केलंय ते रामकुंडावर, गोदाघाटावर नेऊन वापरून दाखवायचं.

सीएसआरचा पैसा मार्चअखेरीस घाईत खर्च होतो आणि घाईत पडदाच सोपा पडतो, कारण एका कोटेशनमध्ये काम होतं. या वर्षीची यादी ठरायच्या आधी एका सकाळी, प्रॅक्टिकलच्या वेळेत, आमच्यासारख्या कुठल्याही आयटीआयमध्ये किंवा तुमच्या कारखान्याजवळच्या हायस्कूलमध्ये या. हारतुरे नकोत, कार्यक्रम नको. सोबत सीएसआरच्या अधिकाऱ्याबरोबर टूलरूमचा एक माणूस आणा. तो मुलांचे हात बघेल आणि काय कमी आहे ते त्याला सांगावं लागणार नाही. यादी त्याच्यासमोर बसूनच करू.

कळावे,
आपला नम्र,
एक शिल्प निदेशक, फिटर ट्रेड
नाशिक